पूर येतो म्हटल्यावर कोण निघतं, कोण बसून राहतं?

वैनगंगाकाठ
राम राम मंडळी. मृग लागायच्या आत हा विषय काढतो, कारण एकदा रोवणी सुरू झाली की कोणाला लिहायला फुरसत नाही.

ब्रह्मपुरी तालुक्यात नदीकाठच्या गावात मास्तर आहे. आमची शाळा टेकाडावर, त्यामुळे पूर आला की गाव शाळेत येतं. म्हणजे यायला पाहिजे. सगळं येत नाही.

२०२० चा ऑगस्ट अखेरचा पूर इथल्या बऱ्याच जणांनी भोगला आहे. वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, इकडे वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले. आमच्या गावात मात्र पाऊस उघडलेला, चक्क ऊन. अशात कोतवालाने दवंडी दिली, पोलीस पाटील घरोघर फिरले. नदीकडच्या एका गल्लीत लागून तीन घरं. तिन्ही मातीच्या भिंतींची, कवेलूची. धानाची बांधी तिघांचीही थोडीफार सारखीच, ढोरं तिघांकडे.

पहिल्याने दवंडी पुरी ऐकलीसुद्धा नाही. पेटी, रेशन कार्ड, तांदळाचं पोतं, बायकोपोरं ट्रॅक्टरवर घातली आणि शाळेत हजर. गावात त्याला घाबरट म्हणतात, ढग गरजले तरी मोबाईल बंद करणारा गडी. दुसरा घाटावर गेला, पाण्याच्या कडेला तुराटी रोवली आणि बिडी ओढत बसला. तुराटी बुडाली की मागे सरकून दुसरी रोवायची. घरच्यांना निरोप एकच, 'अजून टाइम आहे.' तिसरे आबाजी. त्यांनी धान माळ्यावर चढवलं, बैलांची दावी लांब केली आणि बाजेवर बसून सांगितलं, 'माझ्या बापाच्या जमान्यात पाणी मारुतीच्या ओट्याला लागलं नाही, आता काय लागते!' रात्री त्यांना डोंग्यातून काढावं लागलं.

पाणी एक, घर एकासारखं एक, दवंडी एकच. मग फरक स्वभावाचा म्हणायचा का? की दुसरंच काहीतरी आहे आणि आपण त्याला स्वभाव म्हणून मोकळे होतो?

घाटमाथा
पुण्याहून लिहितोय, राग मानू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ५१ वाचा. अधिकाऱ्याचा आदेश न पाळणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, त्यातून जीव गेले तर दोन वर्षं. या आबाजींसाठी रात्री डोंगा घेऊन जाणाऱ्यांच्या जिवाची काही किंमत आहे की नाही? दोन-चार जणांवर गुन्हे दाखल करा, स्वभाव आपोआप सुधारतात.

पांदणवाट
घाटमाथा भाऊ, गुन्हा दाखल करा म्हनता, करा बाप्पा. पन पह्यले एक सांगा, तुमच्या दारात बैलजोडी हाय का? आमच्याकडं धड जोडी लाखाच्या खाली भेटत नाही. २०२२-२६ च्या सरकारी निकषात बैल वाहून गेला तं ३२,००० भेटते, दुधाची म्हैस असन तं ३७,५००, बकरी ४,०००. तेबी पंचनामा झाला तं. वाहून गेलेल्या बैलाचा पंचनामा कोन करन, नदी? आन आता तं कानात बिल्ला नसन तं ढोरच नव्हतं म्हनतीन. मानूस शायेत जाते, बैल कुठं जाते? शायेच्या व्हरांड्यात बांधू देतीन का मास्तर?

आन दुसरं. २०२३ च्या जुलैत आमच्या यवतमाळकडच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक अडकले होते, वायुदलाचे हेलिकॉप्टर मागवा लागले. ते का हट्टानं बसले होते? नाल्याचं पानी असं येते का पायात चप्पल घालालेबी टाइम भेटत नाही. स्वभाव-गिभाव मोठ्या नदीच्या काठी. नाल्याच्या काठी जो जागा होता तो वाचला.

वैनगंगाकाठ
व्हरांड्यात बांधू दिले होते. शेण मुलांनी नाही, मीच काढलं.

मनोभान
अमरावतीला मानसशास्त्र शिकवते. सरांच्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, थोडं लांबण लागेल.

आमच्या विषयात स्वभावाचे पाच पैलू धरतात: नव्याची ओढ, नेटकेपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि काळजीखोरपणा. प्रत्येकात पाचही असतात, कमी-जास्त. वरवर वाटतं की काळजीखोर आधी निघणार आणि निर्धास्त माणूस बसून राहणार. तसं दर वेळी होत नाही. काळजीखोराला धोका लवकर दिसतो हे खरं, पण तीच काळजी त्याला दारापासून परत फिरवते: गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, चोरी झाली तर काय. नेटक्या माणसाची कागदपत्रं पिशवीत तयार असतात, मात्र घरातलं शेवटचं भांडं वर ठेवल्याशिवाय त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. आणि जुळवून घेणारा? तो गल्लीकडे बघतो. गल्ली निघाली की निघतो, बसली की बसतो.

'आपल्या हातात काही आहे' असं मानणं आणि 'जे नशिबात असेल ते होईल' असं मानणं, यावर जुना अभ्यास आहे. १९७२ मध्ये सिम्स आणि बॉमन यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय आणि अलाबामा या दोन राज्यांतल्या लोकांची टोर्नेडोबद्दलची उत्तरं ताडून पाहिली. इलिनॉयचे लोक रेडिओ लावू, इशाऱ्याकडे लक्ष ठेवू असं म्हणणारे. अलाबामाचे देवावर आणि दैवावर भार टाकणारे. अलाबामाकडे टोर्नेडोत माणसं जास्त मरत, त्याची जोड या दोघांनी स्वभावाशी लावली. पुढे त्यावर टीका झाली. नमुना लहान होता, शिवाय घरांचा कच्चेपणा आणि रात्री-बेरात्री येणारी वादळं ही कारणं बाजूला पडली होती. सगळं स्वभावावर ढकललं की काय होतं त्याचा हा नमुना.

याच्या उलट, अर्ल बेकर यांनी १९६१ ते १९८९ या काळातल्या अमेरिकी चक्रीवादळांनंतरच्या पाहण्या एकत्र करून १९९१ मध्ये लिहिलं. कोण घर सोडतं हे सर्वांत जास्त कशावर ठरतं? जागा किती धोक्यात आहे, घर कसलं आहे, आणि अधिकाऱ्याने 'निघा' असं स्पष्ट सांगितलं का, तेही दारात येऊन. वय, शिक्षण यांचा फारसा मेळ लागला नाही.

तुराटी रोवणाऱ्या काकांना मात्र मी नावं ठेवणार नाही. इशारा ऐकला आणि उठला असा माणूस दुर्मीळ. आधी शेजाऱ्याला विचारणं, पाहुण्यांना फोन लावणं, स्वतः जाऊन बघून येणं, हे जगभर होतं. डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन यांनी १९९० मध्ये इशाऱ्यांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात हे ठळकपणे आलं आहे. प्रश्न एवढाच की खातरजमा करण्यात किती वेळ जातो. आकाश निरभ्र आणि धोका दोनशे किलोमीटर वर असेल, तर डोळ्यांनी केलेली खातरजमा फसवते.

डोंगा_आणि_दोर
मी बचाव पथकासोबत स्वयंसेवक म्हणून जातो, भंडारा-गोंदियाकडे. मॅडम, तुमचं बरंचसं पटलं. बोटीतून दिसतं ते सांगतो.

चारचौघांत 'मी येत नाही' म्हणणारा माणूस आणि खरंच न येणारा माणूस, हे बहुतेक वेळा वेगळे असतात. ओट्यावर पाच-सहा जण बसलेले, समोर सरपंच, कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करून राहिला, अशा वेळी बुढ्याने एकदा नाही म्हटलं की तो शब्द गिळता येत नाही. म्हणून आम्ही वाद घालत नाही. बोट दुसऱ्या घराकडे नेतो आणि परत येताना एकटाच उतरून जातो. तेव्हा कधी म्हणतो, 'बाबाजी, तिकडं खांब आहेत, तारा आहेत, आम्ही परके, तुम्ही समोर बसून रस्ता दाखवता का?' जो माणूस आपला जीव वाचवायला उठत नव्हता तो आम्हाला रस्ता दाखवायला उठतो. गमछा डोक्याला बांधून पुढे बसतो आणि वर आम्हालाच रागावतो, 'डावीकडं घे, तिथं विहीर आहे!' त्याच्यात काहीच बदललेलं नसतं. त्याला मदत घ्यायची लाज होती, द्यायची नव्हती.

कायद्याचं म्हणाल तर कलम ऐकून कोणी बोटीत बसल्याचं मी पाहिलेलं नाही. दार आतून लावून घेतल्याचं पाहिलं आहे.

आणि म्हाताऱ्यांच्या नावानेच का बोंब? रपट्यावरून पाणी वाहत असताना 'होऊन जाईल' म्हणत मोटारसायकल घालणारा पंचविशीतला असतो. दुसरे मोटर काढायला जाणारे. नदीवर बसवलेली पाण्याची मोटर वाचवायला माणूस पुरात उतरतो. मासेमारी करणारे ढिवर लोक बघा, आयुष्य पाण्यावर काढलं त्यांनी, ते अशा पाण्यात पाय घालत नाहीत.

सोनबाई
कधीपासून वाचत आहे, आता लिहितेच. पवनीकडची आहे.

तुम्ही सगळे 'माणूस निघतो', 'माणूस बसतो' असं लिहून राहिले. घरात एक माणूस असतो का? माझा स्वभाव विचाराल तर मी पहिल्या दवंडीला निघणारी. पिशवी भरून दारात ठेवली होती मी, त्यात पोराची दप्तरं, बँकेचं पासबुक, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. पण मालक गेलेले मोटर काढायला (वरच्या भाऊंनी बरोबर लिहिलं). सासरे म्हणाले, तो आल्याशिवाय कोणी हलायचं नाही. सासूबाई सासऱ्यांच्या पुढे बोलत नाहीत. दीर म्हणाला बाबा म्हणतील तसं. आता सांगा, आमचं घर थांबलं ते कोणाच्या स्वभावाने? सासऱ्यांच्या. बाकी चौघांचे स्वभाव खुंटीला टांगलेले.

आणि तो कोरोनाचा पावसाळा होता हे विसरले का सगळे? शाळेत दाटीवाटीने राहायचं म्हणजे बुढ्या माणसांना पुरापेक्षा त्याचीच भीती. शिवाय शाळेतल्या संडासाची कडी तुटलेली. अंगावर दूध पाजणारी बाई, पाळी आलेली पोरगी, कुठं जाईल ती रात्री? तिने 'आपण घरीच राहू' म्हटलं तर ती काय हट्टी झाली?

मनोभान
सोनबाई, तुम्ही लिहिलंत त्याची फार मोठी किंमत बांगलादेशाने मोजली आहे. १९९१ च्या एप्रिलमधल्या चक्रीवादळात तिथे सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली, आणि पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त. कारणं तुमचीच: नवरा घरी नाही, त्याला न विचारता कसं निघायचं, निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी.

पाच पैलूंची प्रश्नावली एकेका माणसाकडून भरून घेतात. निर्णय कुटुंब घेतं. तुमच्या सासऱ्यांचे गुण पाहिल्याशिवाय तुमच्या गुणांवरून काहीच ताडता यायचं नाही.

प्राणहिता_तीर
सिरोंच्यावरून. आमच्याकडे वेगळी गोष्ट आहे. इथे गावोगाव तेलुगू बोलतात, सूचना पुष्कळदा मराठीत येते. ज्याला कळते तो दुसऱ्याला सांगतो आणि सांगणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे तिचा अर्थ बदलतो. उत्साही पोराने सांगितलं तर 'सगळं बुडणार', गुत्तेदाराने सांगितलं तर 'दर वर्षीचंच आहे'.

१९८६ चा गोदावरीचा पूर आमच्या म्हाताऱ्यांची मोजपट्टी. 'शहाऐंशीला इथवर आलं होतं' म्हणून भिंतीवर हात ठेवून दाखवतात. २०२२ च्या जुलैत गावं हलवायला लागले तेव्हा सगळ्यात उशिरा निघाले ते हेच. घाबरट नव्हते, बेफिकीरही नव्हते. अनुभवी होते, आणि अनुभवानेच त्यांना बसवून ठेवलं. गोदावरीवर मेडिगड्डा धरण झाल्यापासून नदीची जुनी चाल राहिली नाही असं इथले लोक म्हणतात. शहाऐंशीची खूण शहाऐंशीच्या नदीची आहे.

वैनगंगाकाठ
हे मला नवीन आहे. आमच्या आबाजींचंही असंच झालं असणार. त्यांच्या बापाच्या जमान्यात गोसीखुर्द कुठे होतं! तरी एक शंका राहते. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या दोघांनीही बापाच्या गोष्टी ऐकलेल्याच होत्या ना?

जुना_नरखेडकर
मी फार लिहीत नाही. ३० जुलै १९९१ ला मोवाडात वर्धा नदी शिरली. पहाटेची वेळ. २०४ माणसं गेली. आमचे नात्यातले होते त्यात. कोण काळजीखोर, कोण बिनधास्त, हे विचारायला नदीने कोणाला वेळ दिला नाही. त्या रात्री गाव सोडा म्हणून सांगायला कोणी आलं असतं तर त्यातले किती उठले असते आणि किती कूस बदलून झोपले असते, हा विचार मी इतकी वर्षं करतो. पण तो विचार करायची वेळ तरी यायला पाहिजे ना. स्वभावावर बोला, जरूर बोला, इशारा मिळाल्यानंतरची ती गोष्ट आहे. गाव नंतर दुसऱ्या जागी वसलं, एवढं झालं.

घाटमाथा
जुन्या काकांच्या पोस्टवर काही बोलण्याची माझी लायकी नाही. बाकीच्यांना विचारतो: तुम्ही म्हणता कायदा चालत नाही, स्वभाव बदलत नाही. मग ओडिशाने कसं जमवलं? तिथली माणसं काय वेगळ्या स्वभावाची आहेत?

मनोभान
चांगला प्रश्न. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन आलं तेव्हा जवळपास १० लाख लोक हलवले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. चौदा वर्षांत माणसांचे स्वभाव पालटत नाहीत. मध्ये झालं ते असं: पक्के निवारे उभे राहिले, गावागावात सांगणारी ओळखीची माणसं तयार झाली, सराव झाले, आणि सांगितलेलं खरं ठरतं हा अनुभव आला. काठावरचे जे होते, जुळवून घेणारे, ते सगळे या बाजूला आले. मूठभर आबाजी तिथेही राहिले असतीलच.

आणखी एक सांगते. २००५ च्या कटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये मागे राहिलेल्यांबद्दल अमेरिकेत हेच बोललं गेलं: आळशी, हट्टी, बेजबाबदार. निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्या लोकांशीच बोलून लिहिलं. बाहेरच्यांना जे हातपाय गाळून बसणं वाटलं, त्याचं वर्णन आतले लोक खंबीर राहणं, शेजाऱ्याला धरून राहणं, देवावर भरवसा ठेवणं असं करत होते. शिवाय अनेकांकडे गाडी नव्हती. तिथेच कुत्र्यामांजरांसाठी किती माणसं मागे राहिली! २००६ मध्ये अमेरिकेने कायदा करून स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राणी धरायला लावले. पांदणवाट भाऊंचा बैल तिथेही होता म्हणा ना.

पांदणवाट
म्हनजे अमेरिकेले कुत्र्यासाठी कायदा करा लागला आन आमाले बैलासाठी हट्टी म्हनतेत. वा रे वा.

वैनगंगाकाठ
आता मला काय वाटतं ते लिहितो. स्वभावाचा फरक आहे, पण तो पहिल्या तास-दोन तासांचा आहे. माझ्या गल्लीतले तिघेही शेवटी शाळेत होतेच. कोण ट्रॅक्टरने आला, कोण गुडघाभर पाण्यातून, कोण डोंग्यातून. ते दोन तास कमी करायचे असतील तर तिघांना तीन तऱ्हांनी सांगावं लागेल, आणि आपण तिघांनाही एकच दवंडी देतो. तुराटीवाल्याला आकडा द्या: वर भंडाऱ्याजवळ कारध्याच्या पुलावर धोका पातळी २४५.५० मीटर, आता पाणी इतकं, आपल्याकडे इतक्या वेळात. तो आकड्यावर उठतो. आबाजींना काम द्या, डोंगावाल्या भाऊंनी सांगितलं तसं. आणि घाबरट म्हणतात तो? त्याची थट्टा बंद करा. मागच्या खेपेला तो पहिला निघाला म्हणून त्याच्या पाठोपाठ चार घरं निघाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर गावाने त्याला इतकं चिडवलं की पुढच्या वेळी तो पहिला निघेल की नाही याची मला खात्री नाही. एका माणसाची थट्टा गावाला चार घरांएवढी महाग पडते.

मी म्हणतो, दर गल्लीतला असा पहिला निघणारा हेरून ठेवावा आणि आधी त्यालाच सांगावं.

डोंगा_आणि_दोर
पहिला हेरायचा तसा प्रत्येक घराचा 'सासरा' पण हेरा. पोलीस पाटलाने गल्लीत ओरडण्यापेक्षा त्या माणसाच्या बरोबरीच्या माणसाला त्याच्याकडे पाठवायचं. सासऱ्याला पोरगा सांगून ऐकत नाही, त्याच्या वयाचा विठ्ठलाच्या देवळातला सोबती सांगेल तर ऐकतो.

पांदणवाट
मास्तर, भित्र्याची यादी कराल तं तो मीटिंगलेच येनार नाही. यादी-गिदी नका करू, गुपचूप फोन लावा त्याले. आन शायेच्या बाजूच्या पडीत जागेत ढोरासाठी टिनाचा मांडव टाका, तनसाचे दोन-चार भारे आधीच नेऊन ठेवा. ढोरं गेले का मानसं मागंमागं येतेत. आबाजी बैलासंगच आले असते, रात्रीच्या डोंग्याचं कामच पडलं नसतं.

वैनगंगाकाठ
यादीचं पटलं, नाही करत. मांडवाचं ग्रामसभेत मांडतो. तणस कोणाकडून मागायची ते तुम्ही सांगायला नको, आमच्याकडे पुंजणे आहेत.

सोनबाई
मांडव आधी ढोरांचा, हे अपेक्षितच होतं. सर, त्याच ग्रामसभेत संडासाच्या कडीचं आणि बायकांसाठी वेगळ्या खोलीचं पण लिहून घ्या. विषयपत्रिकेवर आलं की फोटो इथे टाका. आमच्या ग्रामसभेत दाखवायला मला तोच लागेल.